रिकामी खुर्ची

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. जिथं हे सांगायला हवं होतं, तिथं मी ते सांगितलं नाही.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. जाऊबाई घरी असायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझं बाळ त्यांच्याच कडेवर वाढत होतं. संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं की सासूबाई म्हणायच्या, "दमून आलीय ती, तिला आधी चहा दे." हे थोरलीला. त्या पहाटेपासून उभ्या असत, पण त्यांचं दमणं कुणाच्या नजरेत येत नसे. मला दर वर्षी नवी चप्पल. जाऊबाई सासूबाईंची जुनीच झिजवत.

"काय मंत्रीणबाई, आज कुणाकुणाची गाठ घालून दिलीत?" असं विचारून त्या माझ्याकडून एक्स्चेंजच्या सगळ्या गोष्टी काढून घेत. बाळाला भरवताना चमचा कानाशी धरत. "नंबर सांगा साहेब! लाइन बिझी आहे, आधी तोंडातलं गिळा!" बाळ खिदळून तोंड उघडे.

एकदा बोर्डवर ऑपरेटरची एक जागा निघाली. आमच्या ऑफिसात रीत अशी की, आधी ऑपरेटरांच्या नात्यातल्या बायकांना विचारायचं. सुपरवायझरबाईंना नाव दिलं की त्या बोलावून नंबर वाचायला लावत, आवाज ऐकत. मी घरी सहज बोलून गेले. जाऊबाई भांडी घासत होत्या, त्यांचा हात थांबला.

"माझं नाव घालशील? ह्यांचं काय ते मी बघते."

"घालते की," मी म्हटलं.

पण सकाळी रस्त्याने जाताना विचार आला. त्या नोकरीला लागल्या तर बाळाला कोण बघणार? सासूबाईंचे गुडघे धड नव्हते. म्हणजे घरी मलाच बसावं लागणार. सुपरवायझरबाईंच्या टेबलासमोरून मी दोनदा गेले आणि तशीच परत आले. चौथ्या दिवशी घरी सांगितलं, "जागा भरली, जाऊबाई. साहेबांच्या मेहुणीला मिळाली."

"तरीच! मेहुणीपुढे जाऊ काय टिकणार?" त्या हसल्या.

त्या रविवारी माझी एक मैत्रीण, बोर्डवरचीच, बाळाला बघायला आली. चहा घेताना म्हणाली, "ती खुर्ची अजून रिकामीच आहे गं. आम्हाला डबल ड्यूट्या. तुझ्या घरात नाही का कुणी?"

जाऊबाईंनी तिच्यापुढे साखर सरकवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. "जाऊबाई, बाळाचं कसं होईल, म्हणून मी..."

"कळलं ते. विचारायचंस तरी. सांभाळायला बाई ठेवली असती. माझ्या पगारातून."

"मी उद्याच नाव देते."

"नको. ह्यांच्याशी भांडून मी हो म्हणून घेतलं होतं. चार दिवस अबोला धरला होता त्यांनी, जागा गेली म्हटल्यावर काल सुटला. आता पुन्हा ते बळ कुठून आणू?"

त्यांनी बाळाला उचललं आणि न्हाऊ घालायला नेलं. पाणी सोसवेल इतकंच गरम आहे ना, ते रोजच्यासारखं कोपराने पाहिलं.

मुलगा शाळेत जायला लागल्यावर मी आपणहून एक्स्चेंजमधल्या नोकरीचा फॉर्म आणला. जाऊबाईंनी तो खिडकीपाशी उभं राहून शेवटपर्यंत वाचला. वयाची अट त्यांनी आठ महिन्यांपूर्वी ओलांडली होती.

मी चौतीस वर्षं नोकरी केली. आता पेन्शन येते, पैशासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. जाऊबाई शेवटच्या आजारात माझ्या मुलाकडेच होत्या. औषधाची चिठ्ठी हातात धरून त्या दाराशी थांबत आणि विचारत, "जमेल का रे आज?"

"मोठी आई, विचारतेस काय? तुझंच आहे सगळं," तो म्हणे.

त्या मान डोलावत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत.