पाहुण्यांपुरतं लिग्निन

कागद गिरणीच्या नव्या प्लँटमधल्या फिल्टर प्रेसच्या प्लेटवरची तपकिरी वडी तिने खरवडून काढली आणि मुख्य पाहुण्यांच्या तळहातावर ठेवली.

"हेच लिग्निन. लाकडाला ताठ ठेवतं ते. लगद्यासाठी लाकूड शिजवलं की जे काळं पाणी उरतं, त्या लिकरमध्ये उतरतं. त्यात वायू सोडला की साका धरून खाली बसतं. प्लायवूडच्या गोंदात चालतं, पुढे आणखीही बरंच काही करता येईल."

"आणि आधी हे जायचं कुठे?"

"जळायला बॉयलरमध्ये. बॉयलरला झेपायचं नाही तेवढं लिकर नाल्यात." तिने मागे उभ्या असलेल्या मॅनेजरांकडे पाहिलं. ते तिचे सख्खे मामा. "आता थेंबही जात नाही."

टाळ्या झाल्या. तिच्या हातात फुलांचा गुच्छ आला. मामांचा चेहरा उजळला होता, आणि का उजळू नये? आईवेगळ्या भाचीला त्यांनीच वाढवलं होतं, लिटमसचा पहिला कागद त्यांनीच तिच्या हाती दिला होता.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि नव्या प्लँटच्या पंपाचा आवाज थांबला.

"साहेबांचा फोन आला, ताई," ऑपरेटर हात पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाला. "लिकर पुन्हा नाल्याला लावा म्हणाले. पुढच्या तपासणीला हे चालू करायचं."

ती गुच्छासकट मॅनेजरांच्या खोलीत शिरली.

"मामा—"

"इथे साहेब म्हणायचं."

"साहेब म्हणण्यासारखं काही उरू द्या, मग म्हणते."

मामांनी उठून दार लोटलं. "मालक नाही म्हणतात. वायू, आम्ल, वीज, सगळ्याचा खर्च. गोंदवाले अजून नमुनेच मागताहेत. तोवर कागद थांबवायचा का?"

"म्हणजे हे दाखवायचे दात. आणि विचकायला मी!"

"अगं, सगळीकडे असंच चालतं."

"थेंबही जात नाही, हे माझ्या तोंडून वदवून घेतलंत. स्वतः का नाही बोललात?"

मामा चष्मा पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले. तिने गुच्छ त्यांच्या टेबलावर टाकला आणि बाहेर पडली.

नाल्यावर सडक्या अंड्यांचा वास उठला होता. पाइपातून काळी धार पडत होती, खाली फेसाचे डोंगर. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. व्हॉल्व्हचं चाक तिने दोन्ही हातांनी फिरवून धार बंद केली, मग पान्याने नट सोडवून चाकच काढून घेतलं.

"नाला बंद केलाय," तिने ऑपरेटरला सांगितलं. "टाकी भरत आली की दोनच वाटा. नवा प्लँट चालवा, नाहीतर गिरणी थांबवा. ओसंडू मात्र द्यायची नाही."

"नावाला लिकर आणि ताप केवढा!" तो म्हणाला. "पिता येत नाही, फेकताही येत नाही." पण तिला अडवलं नाही.

संध्याकाळी तिने ते चाक मामांच्या घरी जेवणाच्या टेबलावर आदळलं.

"अगं अगं, आत्ता पुसलंय टेबल!" मामी म्हणाली. मग तिने नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि गुपचूप रिकामी ताटं मांडू लागली.

"कामावरून काढायचं तर काढा," भाची म्हणाली. "पण हे मी परत देणार नाही."

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. ऑपरेटरचा आवाज एवढा मोठा होता, की तिघांनाही ऐकू गेला.

"साहेब, टाकी काठाला येतेय! नाल्याच्या व्हॉल्व्हचं चाक नाही. दुसरं आहे, पण स्टोअरला कुलूप."

"किल्ली माझ्याकडे आहे."

"मग घ्यायला माणूस पाठवू? नाहीतर नवा प्लँटच चालू करावा लागेल."

मामांनी भाचीकडे पाहिलं. तिने नजर खाली घेतली नाही.

"आत्ता नको," ते फोनमध्ये म्हणाले. "मी जेवतोय."

मामी वाढायचा डाव हातात धरून तशीच उभी राहिली. तिघांचीही ताटं अजून रिकामीच होती.