शिरीषाच्या फांदीतलं लोखंड

झाडवाली मीच शोधून काढली. हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्यातही माझाच हात आहे.

आमच्या अंगणातल्या शिरीषाची एक फांदी गच्चीवर आडवी आलेली. बुंध्यापासून दोन हातांवर तिला भेग पडली होती आणि वारा सुटला की ती कुरकुरायची. गच्चीखाली माझी खोली. बाबांनी बोलावलेला पहिला माणूस फाटकातूनच म्हणाला, "मुळापासून काढून टाकू, कटकट नको." मी म्हटलं, "तुम्हाला सर्दी झाली की नाक कापता का?" तो गेला तो गेलाच. बाबा माझ्यावर भडकले, पण हसूही दाबत होते. वक्तृत्वात पहिली आल्यापासून घरात मला आवरणं तसं अवघडच झालंय.

मग मी चार ठिकाणी फोन केले आणि ही सापडली. चाळिशीची, काटकुळी, मनगटं मात्र दोरखंडासारखी. सोबत खाली दोर सांभाळायला तिची नणंद. बाबा माझ्या कानाशी कुजबुजले, "ही चढणार?" ती मात्र लाकडी हातोडीने बुंध्यावर टकटक करत, कान लावत पूर्ण फेरी मारून आली. "झाड ठणठणीत आहे," म्हणाली. "फक्त ही फांदी काढायची. तीपण बुंध्याजवळच्या फुगीर कडेच्या बाहेरून, म्हणजे जखम झाडाला स्वतःच भरता येते."

मी बाबांकडे असं पाहिलं की बस.

"झाडात कुठे लोखंड आहे का? खिळा, तार, काहीही?"

बाबांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "बाबा, थांबा, मी बोलते. नाही हो ताई, काही नाही. हे झाड मी जन्मापासून बघतेय."

बाबांनी तोंड मिटलं. झाडवाली चढली.

तिने कमरेचा पट्टा वरच्या जाड फांदीला अडकवला, कानांवर आवाज अडवणारी मोठी टोपणं चढवली आणि मशीनची करवत सुरू केली. सगळी गल्ली दणाणली. तिने आधी फांदीच्या पोटाकडून कापायला घेतलं, पिवळा भुसा उडायला लागला. नणंदेने आम्हाला लांब फाटकाशी उभं केलं होतं. गच्चीवर तर कोणी फिरकायचंच नाही, फांदी गच्चीच्याच डोक्यावर होती.

बाबा मान वर करून बघत होते. त्यांचा चेहरा मऊ झाला. "तुझा झोपाळा होता ना तिथे," ते माझ्या कानात ओरडले. "तू तीन वर्षांची असशील. अंगठ्याएवढे जाड बोल्ट ठोकले होते मी. सालीने गिळून टाकले बघ, आता दिसतसुद्धा नाहीत!"

मला डोळ्यांसमोर आधी झोपाळाच दिसला. मग बोल्ट दिसले.

"कुठे? बाबा, नक्की कुठे?"

त्यांनी बोट वर केलं. बोट सरळ करवतीकडे गेलं आणि तिथेच थांबलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला.

मी नणंदेकडे धावले. "आत लोखंड आहे!" तिने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, मग आणखी एक. वरती काही फरक नाही. मी तिच्या हातातल्या, वर झाडवालीच्या पट्ट्याला बांधलेल्या दोराकडे झेपावले तर तिने मला ढकललंच. "खुळी आहेस का? हिसका बसला तर करवत तिच्याच मांडीत जाईल! साखळी लोखंडावर आपटली तर उलटून तोंडावर येते, कळतंय?" तिचा आवाज फाटला. "तिला दिसलं पाहिजे काहीतरी. तोंड गच्चीकडे आहे तिचं."

मी धावले. मागून बाबा माझं नाव घेऊन ओरडत होते. जिना मी कसा चढले आठवत नाही. गच्चीच्या दाराची कडी मात्र आठवते, गंजलेली, वर सरकेना. पलीकडे करवतीचा आवाज, आणि मी प्रत्येक क्षणी तो आवाज बदलायची वाट बघतेय. तळहाताची साल निघाली तेव्हा कडी सुटली.

फांदी माझ्या डोक्यावर होती. भेग खालून दिसायची त्याच्या दुप्पट रुंद इथून दिसत होती. झाडवालीचे डोळे करवतीवर. मी दोन्ही हात हलवले, उड्या मारल्या, किंचाळले. नाही. शेवटी ओढणी काढली आणि फांदीच्या बरोबर खाली जाऊन गरागरा फिरवली. मनात एकच, मी "काही नाही" म्हणाले, मीच म्हणाले.

तिची नजर वळली. करवत गप्प झाली.

"अगं ए! मरायचंय का? हो बाजूला!"

"लोखंड!" माझा आवाज चिरकला. "बोल्ट आहेत! मी चुकीचं सांगितलं!"

करवत दोराला लटकवून तिने पटाशीने साल खरवडली. कापलेल्या खाचेपासून चार बोटांवर काळा गंज निघाला.

"किती बोल्ट?" तिने खाली विचारलं.

"दोन," बाबा म्हणाले. मग, "की तीन? चार नसतील बहुतेक."

"मशीन खाली घे गं," ती नणंदेला म्हणाली. "हातकरवत पाठव."

उरलेली फांदी तिने हाताने कापली, तुकड्यातुकड्याने, दोन तास. मी फाटकाशी उभी होते. दोनदा करवत खर्र करून अडली. बाबांनी माझा दंड धरला होता. कोण कुणाला धरून होतं, देव जाणे.

ती उतरली. मला वाटलं आता मला फाडून खाणार. पण ती कमरेच्या पट्ट्याचं बकल उघडायला गेली आणि तिला ते उघडेना. मी पुढे होऊन मदत करायला गेले, तर माझी बोटं तिच्याहून वाईट.

"सरका दोघी," नणंद म्हणाली, आणि एका झटक्यात तिने ते उघडलं.