वीतभर जागा

लक्ष्मीबाईला एकदा प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत तिच्या जिवाला चैन नसायची. निपाणीत चाळीस वर्षं विड्या वळताना तिनं मुकादमाला याच सवयीनं भंडावून सोडलं होतं. आता बेळगावात नातीच्या, सुनयनाच्या, खोलीवर आली तर भिंतीवरच्या डच चित्रानं तिला धरून ठेवलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र. दारात भिकारी कुटुंब, आईच्या पाठीला पोर, आणि घरधनी म्हातारा तिच्या हातावर नाणं ठेवतोय.

गोऱ्या लोकांतही भिकारी असतात होय? पोराला टोपी आहे, मग पायात काही का नाही? आणि असली चित्रं विकत घ्यायचं तरी कोण? पोट भरलेलेच घ्यायचे, हौसेनं, असं सुनयनानं सांगितलं. म्हातारीला याचं भलतंच नवल वाटलं.

मग सुनयनानं स्वतःचं चित्र पुढं ठेवलं. दोन महिने खपून तिनं ते जस्ताच्या पत्र्यावर कोरलं होतं आणि सोमवारी ते चित्रकलेच्या कॉलेजात परीक्षेला भिंतीवर लागायचं होतं. चित्रात आजीचंच लहानपण: गावाबाहेरच्या वस्तीतली सात वर्षांची लक्ष्मी परक्या दारात भाकरी मागतेय. देणाऱ्या बाईचा हात तिच्या ओंजळीत टेकलेला, थेट त्या डच चित्रातल्यासारखा.

पोरीनं एवढा जीव ओतलाय, आता बोलून तिचा विरस करायचा का? पण आपल्या नावानं खोटं भिंतीला लागावं, हे लक्ष्मीबाईला काही केल्या सोसेना.

"हात चुकला गं पोरी," ती म्हणाली. "आमास्नी कोण शिवत न्हवतं. भाकरी वरनं टाकायची." तिनं दोन तळवे वीतभर अंतरावर धरले. "एवढी जागा सोड."

हे आजवर सांगितलं का नाहीस, असं सुनयनानं विचारलं.

"कुणी इचारलंच न्हाय."

रविवारभर सुनयना पत्रा खरवडत बसली. जुना हात घासून काढला, नवा वीतभर वर कोरला आणि संध्याकाळी छाप काढला. ओंजळीवर पुसट काळा डाग उमटला होता. लक्ष्मीबाईनं चष्मा चढवला आणि विचारलंच, हा डाग कशाचा?

जुना हात अजून पुरता गेला नाही, सकाळी उठून परत घासते, असं सुनयना वैतागून म्हणाली.

लक्ष्मीबाईनं त्या डागाजवळ बोट नेलं.

"ऱ्हाऊ दे त्यो. मला तवा रोज वाटायचं, आज टेकंल, उद्या टेकंल."