जिवंत देखावा

मी नुमाइशीतला, म्हणजे बघायला मांडून ठेवलेला माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कॉलेज रोडवर गाद्यांचं एक मोठं काचेचं दुकान आहे, त्याच्या दारातच मला बसवलंय. नाव रहेमान, धंदा बापजाद्यांपासून पिंजाऱ्याचा. खांद्यावर पिंजण अडकवून अख्खं जुनं नाशिक, पार घोटीपर्यंतची गावं फिरलो, लोकांच्या ओट्यांवर कापूस पिंजून गाद्या भरल्या, आणि म्हातारपणी फोमच्या दारात येऊन बसलो. काय म्हणावं याला?

डोकं दुकानाच्या मालकाचं, रोहितशेठचं. गणपतीत मंडळवाले माणसं रंगवून उभी करतात ना, जिवंत देखावा म्हणून, तो बघून याला सुचलं. दारात पिंजारी बसला, पिंजणाची तात टंय् टंय् वाजली की लोक थांबतील, थांबले की आत येतील, आत आले की फोमची गादी घेतील. आणि तसंच झालं, खोटं कशाला बोलू. लोक मोबाईल काढतात, पोरांना सांगतात, बघ, पूर्वी असं करायचे. पूर्वी म्हणजे मी! अरे बाबा, मी समोर बसलोय की, मलाच विचार ना. पण छे. बघतात सगळे, बोलत कुणीच नाही.

कापूससुद्धा रोज तोच. संध्याकाळी पोत्यात कोंबायचा, सकाळी परत काढायचा. पिंजून पिंजून त्याचा पार भुसा झालाय. शेठला सांगितलं, तर म्हणाला, चाचा, दिसतो तर छान.

मला एकच हवं होतं. कुणीतरी यावं आणि म्हणावं, चाचा, आमची गादी भरून द्या. एकदाच. म्हणजे मी खरा आहे, हे निदान मला तरी पटेल. घरी जाऊन सांगावं असं कुणी नाही. मुस्तकीम सुरतेला असतो, आणि कौसर, माझी बायको, रमजानच्या आधी गेली. घरात शिरताना मी अजून सलाम करतो. सवय आहे, जात नाही.

मग एका दुपारी घोटीची एक बाई रिक्षातून उतरली. रिक्षात दोरीनं बांधलेली गादी. भागीबाई नाव. लेकीनं तिला मोबाईलवर माझा व्हिडिओ दाखवला म्हणून दुकान शोधत आली होती. शेठ धावतच गेला, जुनी द्या नि नवी न्या, अशी काहीतरी योजना सांगायला लागला. बाईंनी त्याला हातानंच गप्प केलं, आणि गादी घेऊन थेट माझ्यासमोर येऊन बसल्या.

"भाऊ, वळखलं नाय ना? ही तुम्हीच भरली व्हती, आमच्या वट्यावर. आता लय गोळे झालेत. परत भरून द्याल का?"

मला काय झालं म्हणून सांगू! हो हो म्हणत कात्री घेतली, गादीचा कोपरा हातात धरला. तिथल्या टाक्याला उलटी गाठ होती. असली गाठ दुसरं कुणी मारत नाही. पिंजायचो मी, भरायचो मी, टाके मात्र कौसरचे, ती सोबतच फिरायची. दोरा दातानं तोडायची आणि मी ओरडायचो, कात्री दिलीय ना तुला. आता या म्हाताऱ्याची अक्कल बघा. इतके महिने गादीची वाट बघत बसलो, आणि शिवणार कोण, हे एकदाही मनात आलं नाही. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही.

तेवढ्यात भागीबाईंनी विचारलं, "भाभी बऱ्या हायत ना?"

कौसरबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं, कधीपासून. मी बोलून गेलो, "आहे, घरी आहे." किती बरं वाटलं म्हणताना. बाई म्हणाल्या, मग टाके त्यांच्याच हातचे घाला, गादी न्यायला येईन तेव्हा त्यांना भेटूनच जाईन, लय बोलक्या हायत. आणि उठल्या, निघाल्याही.

पायरीपर्यंत गेल्या तेव्हा मला राहवेना.

"ताई, थांबा. कौसर नाहीये. गेली ती."

त्या परत आल्या, कापसातच बसल्या आणि कसं काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, ताप, दवाखाना, शेवटी ती काय बोलली ते. सांगता सांगता मला रडू फुटलं, आणि हातात कात्री तशीच. भागीबाईंनी ती काढून घेतली.

"उसवू नका मग," त्या म्हणाल्या. "मी हिच्यावरच निजंन. गोळे तर गोळे."

गादी रिक्षात घालून त्या गेल्या. एवढी वाट बघून आलेलं काम गेलं, आणि खरं सांगतो, त्याचं मला काहीच वाटलं नाही. वाटलं ते बाई गेल्याचं. डोळे पुसून बघतो तर दारात ही गर्दी, आणि सगळ्यांचे मोबाईल माझ्यावर रोखलेले.

दुसऱ्या दिवशी शेठ भलताच खूश होता. मी रडतानाचा व्हिडिओ खूप चालला म्हणे, फोनवर फोन येत होते. पहिल्यांदाच तो माझ्याजवळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "चाचा, ती बाई रोज येईल का हो?"

मी तात ताणून बघत होतो.

"शेठ," म्हटलं, "मीही तिचीच वाट बघतोय."