कामापुरती दारी भाषा

तंदूरच्या कडेला बसून शकिला थोरल्या जावेला, गुलघोटईला, दारी शिकवत होती, म्हणजे काबूलची भाषा. जाऊ पीठ मळता मळता शिकत होती.

"म्हणा, डॉक्टरसाहेब, माझ्या छातीत गाठ आहे."

गुलघोटईनं म्हटलं. शब्द दारीच, पण पक्तिकाच्या डोंगरातल्या पश्तोचा ठसका काही जाईना.

"असं वाटतंय मी तिला शिव्याच देतेय," ती खिदळली. "दांडकं घेऊन येईल गं ती काबूलवाली डॉक्टरीण!"

"हसू नका जाऊबाई. पुन्हा म्हणा."

शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काबूलच्या त्या दवाखान्यात बायकांच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही. म्हणजे गुलघोटईचा नवरा तोर्यालय फाटकाबाहेर बसणार आणि आत हिलाच बोलावं लागणार. शकिलाला दोन्ही भाषा यायच्या. ती काबूलची. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा सरकारनं मुलींच्या कॉलेजलाच कुलूप ठोकलं. रिकामी पोर घरात कशाला, म्हणून बापानं तिला या गावात देऊन टाकलं. तिनं सोबत जावं तर तिचा नवरा इराणात विटा वाहतोय, आणि थोरला दीर कायद्यानं परका पुरुष. त्याच्याबरोबर निघाली तर पहिल्याच चौकीवर खाली उतरवतील. म्हणजे जिला भाषा येते ती घरात आणि जिला गाठ आहे ती मुकी. बायकांची अब्रू राखायची यांची ही तऱ्हा. अब्रू शाबूत राहते, बाई मरते.

गुलघोटई शाळेत गेली नव्हती. गावात शाळा होती कुठे? पण डोकं असं, की लग्नात एकदा ऐकलेलं गाणं पुढच्या लग्नात शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवायची.

"आत गेलात की एकदम गाठीवर यायचं नाही," शकिलानं बजावलं. "आधी विचारायचं, कशा आहात, बऱ्या आहात ना, घरचे खुशाल ना. नाहीतर म्हणतील, आली डोंगरातली."

"आणि ती काही बोलली तर?"

"मान हलवून 'बले' म्हणायचं, म्हणजे हो. मग छातीवर हात ठेवून 'तशक्कुर'. धन्यवाद. एवढ्यावर निभतं."

निभतं! सगळे जण असंच शिकवतात. तोंड उघडायला शिकवतात, कान उघडायला कुणी शिकवत नाही.

दोघं गेली आणि चार-पाच दिवसांनी परत आली. तोर्यालय खुशीत होता. पोरांसाठी साखरेत घोळवलेले बदाम आणले होते. "काही झालेलं नाही हिला," त्यानं अंगणातूनच ओरडून सांगितलं. "डॉक्टरीणबाईंनी बघितलं, गोळ्या दिल्या. उगाच घाबरवलंस तू सगळ्यांना, काबुली!"

शकिलानं जावेला तंदूरपाशी गाठलं.

"कोण म्हणालं, काही झालेलं नाही?"

"मीच म्हटलं. म्हणजे तसंच असणार ना? मी एका शब्दाला अडखळले नाही बघ. तिनं हात लावून पाहिलं, काखेतही चाचपलं. मग खूप बोलली. भरभर. बाहेर बायकांची ही गर्दी. मी बले म्हटलं. तशक्कुर म्हटलं."

"पण ती काय बोलली?"

"मला काय कळतंय, बाई? म्हणून दाखवते, थांब."

आणि तिनं म्हणून दाखवलं. डॉक्टरणीच्या आवाजात, तिच्या घाईसकट, जसंच्या तसं. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. शकिलाला सगळं कळत होतं.

ही गाठ वाईट आहे. काखेत उतरलीय. आज घरी जाऊ नका, आजच दाखल व्हा, अजून कापता येईल. समजलं ना? बले. नवऱ्याला सांगाल? बले. महिनाभरानं आलात तर माझ्या हातात काही राहणार नाही. तशक्कुर.

"बरोबर म्हटलं ना मी?" गुलघोटईनं विचारलं.

शकिलानं सांगितलं. सगळं सांगितलं. लपवून कुणाचं भलं होणार होतं? गुलघोटई हातातला पिठाचा गोळा थापू लागली.

शकिला तशीच उठली आणि ओढणी तोंडावर ओढून दिरासमोर उभी राहिली. तोर्यालय वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर निदान त्याला शिव्या घालता आल्या असत्या. थंडीत दिवसभर फाटकाबाहेर बसला होता बिचारा.

"तिथं ती स्वतः हो म्हणून आली," तो म्हणाला. "आणि तू इथं चुलीपाशी बसून डॉक्टर झालीस?"

"भावजी, परत न्या. उद्याच न्या."

"कशानं नेऊ? पाठीवर? आमच्या मागं खिंडीत बर्फ पडलं, गाड्या बंद. हिवाळा सरला की नेतो."

"हिवाळा सरेपर्यंत ती राहायची नाही."

"जीभ आवर!" तो ओरडला. पण चेहरा पांढरा पडला होता. तो उठून मशिदीकडे निघून गेला. पुरुषांना जायला जागा असते.

शकिला परत आली. गुलघोटईनं तिच्यासमोर गरम रोटी आणि चहा सरकवला.

"त्यांच्याशी भांडू नकोस. ते तरी काय करतील?" ती म्हणाली. "मला आता उलटं शिकव. ती काय म्हणते, ते कळायला. वसंतात चुकायची नाही मी."

वसंत. शकिलानं चहाचा घोट घेतला.

"बरं, ऐका," ती म्हणाली. "मी डॉक्टरीण."

गुलघोटई सावरून बसली आणि डोक्यावरची ओढणी नीट करू लागली. डावा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून एका हातानंच.