वीतभर उंच

ठण्ण! चेंडू पहिल्यांदा माझ्या कडीवर आदळला, तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. किती वर्षं झाली, आता आठवत नाही.

मी राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीच्या कॉलनीतला बास्केटबॉलचा खांब बोलतोय. बोलतोय म्हणजे आपला मनातच. ऐकायला इथे फारसं कुणी उरलेलं नाही.

मी मूळचा खाणीतला जुना पाइप. वर्कशॉपातल्या माणसांनी हा खेळ कधी पाहिला नव्हता. पाइप कापायचं त्यांच्या जिवावर आलं, तसाच पुरला. कडी नियमापेक्षा वीतभर वर गेली. पोरं वैतागून क्रिकेटकडे वळली. देवाजीची पोरगी दिव्यानी तेवढी राहिली. ती अंगातला सगळा जोर लावून उडी मारायची आणि चेंडू उंचावरून सोडायची. पुढे बाहेरगावच्या कड्या तिला ठेंगण्या वाटल्या. आज ती नागपूरच्या व्यावसायिक संघात खेळते.

मग खाण पुढे सरकली, बरेच क्वार्टर रिकामे झाले. माझी जाळी गळून पडली. कधी एखादी गाय अंग घासून जाते, तेवढाच स्पर्श.

समोर झिंगूचा पानठेला आहे. बास्केटबॉलचा नवा हंगाम तोंडावर आलाय, त्यामुळे तिथे दुसरा विषय नाही.

"औंदा कप नागपूरलेच येते, श्रावणभाऊ," झिंगू गिऱ्हाइकाला म्हणाला.

"मागच्या सालीबी तू असाच बोल्ला होतास. पेढे आणले, अन् फायनल हरल्यावर तूच बसून खाल्ले."

"तवा त्या दोन उंच पोरी नव्हत्या ना संघात! अन् आपली दिव्यानी हायेच. गुडघा बरा झाला म्हणते तिचा."

देवाजी बाजूलाच बसला होता. तो हळूच म्हणाला, "बरा कुठी झाला? थे सांगत नाई. पूर्ण हंगाम खेळशील का, असं कोचनं विचारलं हाये. उद्या जाऊन सांगा लागते. अजून एकदा गुडघा गेला तं जन्माची लंगडी होईन, असं डॉक्टर म्हणते."

झिंगूचा चुना लावणारा हात थांबला. "पन तिच्याबिगर कप कसा येईन, भाऊ?"

देवाजीने चप्पल पायात सरकवली आणि तो घराकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नागपूरला परतण्याआधी, दिव्यानी एकटीच चेंडू घेऊन आली. ताठ चालत आली. उभ्याउभ्या टाकलेला चेंडू कडीपर्यंत पोचला नाही. मग तिने उडी मारली. खाली आली ती गुडघा धरूनच. मला टेकली. तिचा श्वास माझ्या लोखंडाला लागत होता. पुन्हा उडी, पुन्हा तेच. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आपण वीतभर ठेंगणे असतो तर बरं झालं असतं.

पोरी, मला तोंड असतं तर एवढंच म्हटलं असतं. खरं सांग त्या कोचला. कप दर साली असतो. झिंगूचं काय, तो पुढच्या सालीही पेढे आणेल.

तेवढ्यात झिंगूने ठेल्याची फळी उघडली. "काय वो दिव्यानी, आणतं ना कप औंदा?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या कडीकडे. चेंडू काखेत घेतला आणि चालू लागली. उरलेल्या सगळ्यांच्या दारांसमोरून, लंगडत. लपवलं नाही.