वहीतल्या निळ्या खुणा

भटूला एकाच गोष्टीचा अभिमान होता आणि तो काही खोटा नव्हता. सुरतेतल्या लिंबायतच्या ज्या कारखान्यात तो सोळा वर्षं लूम चालवत होता, तिथं त्याच्या कापडाच्या ताक्यात खोट सापडणं म्हणजे नवलच. धाग्याची तार तुटून कापडात बोटभर जागा सुटली, तर ती त्याला चालत्या लूमवर दोन हात लांबून दिसायची. मग तो लूम थांबवायचा, खिशातल्या निळ्या खडूनं खूण करायचा आणि तार जोडून घ्यायचा. नवीन आलेल्या पोरांना शेठ त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचा की नजर अशी पाहिजे.

आता माणसाला एका ठिकाणी मान मिळाला की तो दुसरीकडेही मिळावा असं त्याला वाटू लागतं. भटूनं तो घरी आणला. त्याची लेक जागृती म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत दुसरीत होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा झाला की भटू ओट्यावर मांडी घालून बसायचा आणि हुकूम सोडायचा, "वही आन." जागृती वही आणून समोर उभी राहायची. तो एकेक पान उजेडाकडे धरायचा, डोळे बारीक करायचा. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग असली की मान डोलवायचा. मध्ये कुठं जागा सुटलेली दिसली की त्याच्या कपाळाला आठी पडायची, निळा खडू बाहेर यायचा आणि पानावर खूण व्हायची. "आठे खोट शे. नीट कर."

भटूला वाचता येत नव्हतं, हे इथंच सांगून टाकतो. चौदाव्या वर्षी साक्रीकडून सुरतला आला तेव्हा शाळेचं तोंड त्यानं फक्त बाहेरून पाहिलं होतं. सही यायची, तीही कुणीतरी कागदावर काढून दिलेली नक्षी पाठ केल्यासारखी. हे त्याच्या बायकोला, अनुसयाला, माहीत होतं. ती घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करायची आणि तिलाही वाचता येत नव्हतं, त्यामुळं ती काही बोलत नसे. जागृतीला मात्र माहीत नव्हतं. आपले आप्पा आपली वही वाचतात, त्यांना चुका कळतात, हे ती शेजारच्या पोरींना मान वर करून सांगायची. भटूनं ते एकदा ओट्यावरून ऐकलं होतं. त्यानंतर खरं सांगायची हिंमत त्याला झाली नाही, आणि त्याबद्दल त्याला फार नावं ठेवावीत असं मला वाटत नाही.

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. जागृती शाळेतून एक चिठ्ठी घेऊन आली आणि भटूच्या हातात दिली. भटूनं ती उलटसुलट पाहिली. अशा वेळची त्याची युक्ती ठरलेली होती.

"तू वाच," तो म्हणाला. "कसं वाचस ते मी आयकस."

जागृतीनं हळू आवाजात वाचायला सुरुवात केली. शनिवारी सकाळी दहा वाजता पहिली-दुसरीच्या मुलांच्या पालकांची, म्हणजे वाली, मीटिंग आहे. मुलांनाही सोबत आणावे. वर्षाअखेर मुलांना किती वाचता-लिहिता आले पाहिजे ते समजावून सांगितले जाईल. मग तिचा आवाज आणखी बारीक झाला. "जागृतीचे लिखाण समजत नाही. तिला आणखी एक वर्ष दुसरीत ठेवावे असे वाटते. वडिलांनी स्वतः यावे."

तिनं चिठ्ठीची घडी घातली आणि मान खाली घातली. पहिलीचं अर्धं वर्ष सुरतेत प्लेग पसरला तेव्हाच्या पळापळीत गावाला गेलं होतं, तरी पोरगी मागे पडली नव्हती. आणि आता, इतकी स्वच्छ, सलग वही असताना? भटूला चिठ्ठी लिहिणाऱ्या बेनचा, म्हणजे वर्गाच्या बाईंचा, रागच आला.

"पोरगीले काही बोलू नका," आतून अनुसया म्हणाली.

"तिले कशाले बोलू?" भटू म्हणाला. "त्या बेनलेच इचारस."

शनिवारी तो रातपाळी करून घरी न जाता थेट शाळेत आला. जागृती गल्लीतल्या रंभाबाईंबरोबर आली होती. त्यांचा नातू पहिलीत होता. वर्गात सतरंज्या टाकल्या होत्या. बाया एका बाजूला, चार-पाच बापे दुसऱ्या बाजूला आणि पोरं पुढे फळ्यापाशी. भटूनं डोक्यावरचा कापसाचा भुगा झटकला आणि भिंतीला टेकून बसला. शेजारी बन्सीलाल होता, त्याच्याच गल्लीतला रिक्षावाला.

"तुले काय काळजी?" बन्सीलाल कानाशी लागला. "तू तं घरी वही तपासस. आमना घरमा तेबी नही."

भटू नुसता हसला.

उज्ज्वलाबेन तिशीच्या होत्या. मराठी शाळेतल्या बाई, पण सुरतच्या हवेत त्यांच्या नावापुढे बेन लागलं ते लागलंच. बोलताना त्या पुस्तकासारखं बोलत नसत, हे लोकांना आवडायचं. दुसरीच्या पोराला वर्षाअखेर काय आलं पाहिजे ते त्यांनी एकेक करून सांगितलं. पुस्तकातला धडा अक्षर-अक्षर न तोडता वाचता यायला हवा. वाचून झाल्यावर त्यात काय झालं ते पोरानं आपल्या शब्दांत सांगायला हवं. आणि आपल्या घराबद्दल चार-पाच वाक्यं मनानं लिहिता यायला हवीत, फळ्यावरून उतरवून नव्हे.

"आमना घरमा कोनलेच वाचता येत नही, बेन," रंभाबाई म्हणाल्या. "मंग कसं करानं?"

"तुम्हाला वाचता यायची गरज नाही, मावशी," उज्ज्वलाबेन म्हणाल्या. "त्याला रोज मोठ्यानं वाचायला लावा आणि तुम्ही भाजी निवडता निवडता ऐका. तो अडखळला तर तुम्हाला कळेल. गोष्ट कळली नाही तर विचारा. माझ्या वर्गात सत्तर पोरं आहेत. एकेकाचं रोज ऐकायला मला दोन कान पुरत नाहीत."

लोक हसले. मग त्यांनी टेबलावरची एक वही उचलली आणि उघडून सगळ्यांसमोर धरली.

"ही एक वही बघा. नाव नाही सांगत. अक्षर किती सुंदर आहे. पण एक शब्द कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो ते कळत नाही. ओळच्या ओळ एकमेकांना चिकटलेली. मला वाचता येत नाही, आणि तिचं तिलाही वाचता येत नसावं. मी दहादा सांगितलं की जागा सोड, ती सोडते, आणि सुट्टीनंतर बघावं तर त्या जागा भरलेल्या असतात. म्हणून मला वाटलं की हिला शब्दच समजत नसावेत, नुसती अक्षरं काढते. पण परवा मी मागची पानं नीट पाहिली. जिथं जिथं तिनं जागा सोडली होती, तिथं कुणीतरी निळ्या खडूनं खूण केली आहे."

भटूचा हात आपसूक शर्टाच्या खिशावर गेला.

ज्या जागा पाहून तो कपाळाला आठी घालत होता, त्या सोडायच्याच असतात. त्या कागदावर शब्दाशब्दात लागतात. कापडात नाही लागत, कागदावर लागतात. एवढी साधी गोष्ट, आणि लेकीचं वर्ष त्यानं स्वतःच्या हातानं बुडवायला घेतलं होतं.

"जागृती, पुढे ये," उज्ज्वलाबेन मऊ आवाजात म्हणाल्या. वहीची मालकीण कोण ते आता सगळ्यांना कळलं. "फळ्यावर लिही. सकाळी आई पाणी भरते. शब्दाशब्दात जागा सोडून लिही बघू."

जागृती फळ्यापाशी गेली. 'सकाळी' लिहिलं आणि थांबली. पुढचा शब्द दूर लिहायला तिनं हात पुढे नेला, मग मागे घेतला. वळून बापाकडे पाहिलं. बेन सांगत होत्या जागा सोड आणि आप्पा सांगत आले होते सोडू नको. आठ वर्षांच्या पोरीनं यातलं कुणाचं ऐकायचं? ती रडवेली झाली. तरी ती बापाचं नाव घेईना. जागा का भरतेस असं बेननी आधीही विचारलं असेल, तेव्हाही घेतलं नव्हतं.

"घरी खुणा कोण करतं, बाळा?" उज्ज्वलाबेननी विचारलं.

जागृती हातातला खडू चोळत राहिली. बन्सीलालनं भटूकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे नजर वळवली.

गप्प बसायची सोय होती, हे भटूला नक्की माहीत होतं. आत्ता मान खाली घातली असती, नंतर एकटीला गाठून जागृतीला सांगितलं असतं की बेन म्हणतात तसं कर, तर त्याची ऐट शाबूत राहिली असती. पण पोरगी फळ्यापाशी उभी राहून बापाची अब्रू सांभाळत होती, आणि ते त्याला बघवेना. तो उभा राहिला.

"त्या खुणा माझ्या आहेत, बेन," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "पोरीची चुकी नाही. मला वाचता येत नाही. मी कापड पाहतो तशी वही पाहत होतो. कापडात जागा सुटली का ताका परत येतो. मला वाटलं, इथं पण तसंच असेल."

वर्गात कुणी हसलं नाही. रंभाबाईंनी पदर तोंडाशी नेला. भटूनं फळ्याकडे पाहिलं, लेकीच्या डोळ्यांकडे पाहायचं मात्र टाळलं.

"सोड जागा," तो तिला म्हणाला. "बेन बराबर सांगी ऱ्हायन्यात. मले येत नव्हतं."

जागृतीनं लिहिलं. चार शब्द, दर दोन शब्दांमध्ये बोटभर जागा. मग न सांगता स्वतःच वाचून दाखवलं, भरभर, न अडखळता. उज्ज्वलाबेननी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मीही चुकले," त्या म्हणाल्या. "मी तिला मोठ्यानं वाचायलाच लावलं नव्हतं. दुसरीत ठेवायचं आता बोलत नाही. पण परीक्षेपर्यंत हिनं रोज एक पान लिहून आणायचं, जागा सोडून. ते मी बघेन आणि मग तिसरीचं ठरवू." मग त्यांनी जागृतीला कोपऱ्यात बसवून त्याच वहीत घराबद्दल एक पान लिहायला दिलं, ते घाईघाईत नजरेखालून घातलं आणि त्या दुसऱ्या पोरांच्या वह्यांकडे वळल्या.

मीटिंग संपली तेव्हा उन्हं वर आली होती. भटू पुढे आणि जागृती चार पावलं मागे. एरवी ती बोट धरायची. आज वही छातीशी धरून, मान खाली घालून चालत होती. भटूला वाटलं, संपलं. कारखान्यात इतकी वर्षं एका नजरेवर कमावलेलं होतं, आणि घरी एका वाक्यात गेलं. त्याला राग कुणाचाच येत नव्हता, नुसतं वाईट वाटत होतं. रेल्वेपुलाखालच्या गरनाळ्याच्या अलीकडे एका बंद दुकानाची पायरी होती, तिथं तो बसला. रातपाळीनं पाय भरून आले होते. जागृतीही जरा अंतर ठेवून बसली.

"मंग तुमी दर येळी काय देखेत?" तिनं विचारलं.

"कापड देखतस तसं," भटू म्हणाला.

तिनं वही मांडीवर ठेवली. मग तिचे डोळे भरून आले आणि भटूनं मनाची तयारी केली. आता ती म्हणेल, तुम्ही खोटं बोललात.

"मनं लिखेल आते कोन तपासी?" जागृती म्हणाली.

भटूला हे अपेक्षितच नव्हतं. तिला बापाचं अडाणीपण खुपलं नव्हतं. सुट्टीच्या सकाळी वही घेऊन ज्याच्यासमोर उभं राहायचं, तो माणूस आता असणार नाही, याचं तिला रडू येत होतं. त्यानं तिच्या मांडीवरची वही उघडली, नुकतंच लिहिलेलं पान समोर धरलं.

"वाच," तो म्हणाला. "धीरे धीरे. बोट ठेवीसन."

तिनं नाक पुसलं आणि वाचायला लागली. आमचे घर लिंबायतमध्ये आहे. भटूचे डोळे तिच्या बोटामागून जात होते. अक्षरं त्याला कळत नव्हती, पण तिचा आवाज किती वेळा थांबतो ते कळत होतं आणि ओळीत किती तुकडे आहेत ते दिसत होतं. चार वेळा थांबली, चार तुकडे. बरोबर. माझे आप्पा लूम चालवतात. पुन्हा चार. माझी आई साडीचे धागे कापते.

"थांब," भटू म्हणाला. "परत वाच."

तिनं परत वाचलं. भटूनं ओळीवर बोट ठेवलं.

"तू पाच येळा बोलनी. आठे चारच शेत. हाई मधलं लांब व्हई गयं. आठे जागा नही शे."

जागृतीनं वाकून पाहिलं. 'साडीचे' आणि 'धागे' एकमेकांना चिकटले होते. जुन्या सवयीनं तिनं वरची रेघ तशीच पुढे ओढली होती. ते बेनला दिसलं नव्हतं, तिला स्वतःला दिसलं नव्हतं. तिनं जीभ चावली, आणि सरकून बापाला अगदी खेटून बसली.

"खोटच शे, आप्पा," ती म्हणाली, आणि दप्तरातून रबर काढून तो शब्द खोडायला लागली.